झाडाला बी कसे धरते : हवा, हवामान आणि वृक्षांचे बीजोत्पादन

(निसर्गाभ्यास – इयत्ता पाचवी ते सातवीस शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)



'फूल, फळ आणि बी' हा पाठ आपण सर्वजण शिकवितो. फळ्यावर फुलाची आकृती काढतो, निदलपुंज, दलपुंज, पुमंग व जायांग ही चार नावे लिहितो आणि मुले ती पाठ करतात. पण वर्गाच्या खिडकीबाहेरच्या ज्या आंब्याला गेल्या वर्षी फांद्या वाकेपर्यंत फळ आले, त्याला यंदा मोहोर का नाही, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर "यंदा आंबा आला नाही" एवढेच आपण सांगतो. हे उत्तर नव्हे. ही प्रश्नाचीच पुनरुक्ती होय.

या विषयाशी माझी गाठ पडली ती माझ्याच चुकीतून. शिक्षक म्हणून नव्याने रुजू झालो, त्या वर्षी शाळेपुढे कडुनिंबाची रांग लावावयाची असे मी मनात घेतले. आषाढात मुलांकडून टोपलीभर निंबोळ्या गोळा करविल्या, कडक उन्हात खडखडीत वाळविल्या आणि 'पुढच्या पावसाळ्यात पेरू' म्हणून पत्र्याच्या डब्यात भरून कपाटात ठेविल्या. पुढच्या मृगात मुलांनी वाफे केले, बी टोचले, दररोज पाणी घातले. महिना गेला तरी एकही कोंब वर आला नाही. पाणी घालण्याची ज्यांची पाळी होती, त्या मुलांना मी सर्व वर्गासमोर कामचुकार म्हटले. निंबोळीतील जीव थोड्या आठवड्यांतच जातो, हे मला काही वर्षांनंतर वाचावयास मिळाले. मुलांनी पाणी बरोबर घातले होते. बी मेलेले होते, आणि ते मी मारले होते. तोपर्यंत ती मुले शाळा सोडून गेली होती. अशी चूक आपणांपैकी दुसऱ्या कोणाच्या हातून घडू नये, हा या लेखामागील एक हेतू आहे.

१. हवा आणि हवामान

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करून घ्यावा. आज सकाळी धुके होते, काल वळवाचा पाऊस पडला, या आठवड्यात थंडी वाढली, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशाची तीस-तीस वर्षांची सरासरी स्थिती म्हणजे हवामान. कोणत्या प्रदेशात कोणते झाड वाढावे आणि त्याने वर्षाच्या कोणत्या वेळी फुलावे, हे हवामानाने युगानुयुगे घडवून ठेवलेले असते. त्या झाडाला यंदा किती बी धरेल, हे मात्र पुष्कळ अंशी यंदाच्या हवेवर अवलंबून असते.

आपल्या राज्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. झाडांनी आपला वर्षक्रम या गोष्टीशी जुळवून घेतला आहे. पळस फाल्गुनाच्या सुमारास निष्पर्ण होऊन फुलतो व त्याच्या चपट्या शेंगा उन्हाळ्याच्या वाऱ्यावर दूर जातात. सावरीची बोंडे उन्हाळ्यात उकलतात आणि कापसाच्या पुंजक्यांबरोबर बी उडते. कडुनिंबाची निंबोळी पावसाच्या तोंडावर पिकते. पाऊस येण्यापूर्वी अथवा येताच बी जमिनीवर पोहोचले पाहिजे, असा या सर्वांचा बेत दिसतो. याच्या उलट साग ऐन पावसाळ्यात फुलतो व त्याची फळे हिवाळ्यात तयार होतात. चिंच पावसाळ्याच्या सुमारास फुलते आणि तिचे आकडे पिकावयास पुढच्या वर्षीचा माघ-फाल्गुन उजाडतो. म्हणजे एका चिंचोक्याच्या वाढीत पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात असे तिन्ही ऋतू येतात.

२. बी तयार होण्याच्या वाटेवरील पाच उंबरठे

फूल आले म्हणजे बी झालेच, असा मुलांचा समज असतो. वस्तुतः कळीपासून रोपापर्यंत पाच उंबरठे ओलांडावे लागतात व प्रत्येक उंबरठ्यावर हवा उभी असते.

पहिला उंबरठा – कळी धरणे. फांदीच्या टोकाला असलेल्या अंकुरातून पालवी फुटावी की फूल यावे, हे प्रथम ठरते. आंब्याचे उदाहरण घेऊ. पावसाळा संपल्यावर जुनी झालेली पालवी, कोरडी जमीन आणि थंड रात्री या तीन गोष्टी जुळून आल्या, म्हणजे आंब्याच्या टोकांतून मोहोर बाहेर पडतो. पाऊस कार्तिकापर्यंत लांबला अथवा रात्री उबदारच राहिल्या, तर त्याच टोकांतून मोहोराऐवजी कोवळी पालवी फुटते. शेंड्याला तांबूस पाने दिसू लागली, की कोकणातील बागाईतदार चिंतातुर होतो, त्याचे कारण हेच.

काही झाडांना थंडीचे काम कोरडेपणा करून देतो. ही गोष्ट विदर्भातील संत्रा-बागाईतदार फार चांगली जाणतात. संत्र्याच्या झाडाचे पाणी काही आठवडे तोडावयाचे, वाढ थांबू द्यावयाची आणि मग पाणी द्यावयाचे, याला 'ताण देणे' म्हणतात. वाढ थांबली म्हणजे झाडात अन्नाचा साठा होतो आणि पाणी मिळताच तो फुलांच्या रूपाने बाहेर येतो. हिवाळ्याच्या थंडीचा ताण बसून जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. उन्हाळ्यातील पाण्याचा ताण बसून पावसाच्या आरंभी फुलतो तो मृग बहार. मे महिन्यात अवकाळी पाऊस पडला तर ताण अर्ध्यावर मोडतो व मृग बहार हुकतो. 'पाऊस पडला म्हणजे झाडाचे भलेच झाले' ही आपली समजूत किती अपुरी आहे, हे या एका उदाहरणावरून मुलांना पटविता येते.

दुसरा उंबरठा – परागीभवन. फूल उमलले, पण पराग योग्य ठिकाणी पोहोचला नाही, तर ते फूल वांझ राहते. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो, कधी हजारो फुले असतात. त्यांतील पुष्कळशी केवळ नर असतात. फळ धरू शकणारी द्विलिंगी फुले थोडी असतात. माश्या, मधमाश्या व इतर लहान कीटक परागाची ने-आण करतात. हवा ढगाळ, धुक्याची वा पावसाळी झाली, तर कीटक हिंडत नाहीत, पराग भिजतो आणि मोहोरावर भुरी व करपा हे रोग आणि तुडतुडे यांचा उपद्रव वाढतो. येथे एक गंमत मुलांच्या ध्यानी आणून द्यावी. मोहोर येण्यास जी थंडी हवी, तीच थंडी फुले उमलल्यावर कडक राहिली, तर परागनलिकेची वाढ मंदावते व फळ धरत नाही. मोहोराला हवी ती थंडी आणि फळधारणेला हवी ती ऊब, असा क्रम जमला पाहिजे.

सागाची अडचण याहून मोठी आहे. त्याचा पांढुरका फुलोरा प्रचंड असतो. त्यात हजारो बारीक फुले असतात, परंतु एक फूल एकच दिवस टिकते. हे सर्व पावसाळ्यात घडत असल्यामुळे त्या एका दिवशी संततधार लागली, तर कीटक फिरकत नाहीत आणि त्या दिवसाची फुले फुकट जातात. पावसाने मधूनमधून उघडीप दिली, तर फळधारणा अधिक होते. एवढे करूनही सागाच्या असंख्य फुलांपैकी फारच थोड्यांची फळे होतात.

तिसरा उंबरठा – फळ टिकणे व बी भरणे. वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा झाडाखाली पडलेला सर्वांनी पाहिला आहे. आपण जितकी फळे पोसू शकू तितकीच ठेवून बाकीची झाड टाकून देते. ती गळ स्वाभाविक होय. परंतु जमिनीतील ओल तुटली, उन्हाची तीव्र लाट आली किंवा वादळी वारा सुटला, तर राखावयाची फळेही गळतात. कोकणात आणखी एक प्रकार घडतो. पहिल्या मोहोराला कैरी धरल्यावर थंडी पुन्हा वाढली, तर झाडावर दुसरा मोहोर येतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधीच्या कैऱ्या गळून जातात. थंडी आली म्हणून आनंद मानावा, तर तीच हातातले फळ काढून घेते.

गारपिटीची हानी तर क्षणात होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या पुष्कळ जिल्ह्यांत झालेल्या गारपिटीने पिकांबरोबर फळबागांची अतोनात हानी केली. कधी कधी प्रश्न एका वर्षाच्या फळाचा राहतच नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीतील नारळ, सुपारी व आंब्याची झाडेच्या झाडे उन्मळून पडली. सुपारीचे नवे रोप फळावर यावयास कित्येक वर्षे लागतात. तेथे एका दिवसाच्या हवेने अनेक वर्षांचे बी नेले.

चौथा उंबरठा – पिकणे व पसरणे. बी पूर्ण पिकेपर्यंत आणि योग्य जागी पोहोचेपर्यंत हवेची साथ लागते. पळसाच्या शेंगेत टोकाशी एकच बी असते व उरलेली चपटी शेंग पंखाचे काम करते. कोरडा वारा नसेल तर ती झाडाखालीच पडून राहते. मोहाच्या बाबतीत तर माणसाचे पोटही या उंबरठ्याशी बांधलेले आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलच्या सुमारास पहाटे गळतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांतील कुटुंबे ती वेचून वाळवितात. पुढे फळांतील बियांचे तेल काढतात. त्या दिवसांत आभाळ भरून आले व पाऊस पडला, तर वेचलेली फुले काळी पडून कुजतात. अशा दिवसांत मुले शाळेत न येता पालकांबरोबर रानात जातात. हजेरीपटावर लाल खूण करण्यापूर्वी शिक्षकाने यंदाचा मोह कसा आहे, याची चौकशी अवश्य करावी.

पाचवा उंबरठा – रुजणे. बी जमिनीवर पडल्यावर त्यातील जीव किती काळ टिकतो, याबाबत झाडांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग उतावळ्या बियांचा. कडुनिंब आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड व ओडिशा येथील साल वृक्ष ही त्याची उदाहरणे. सालाचे पंखवाले फळ जूनच्या सुमारास भिरभिरत खाली येते आणि त्यातील बी आठवडाभरच जिवंत राहते. मोसमी पाऊस वेळेवर आला तर जंगलाखाली रोपांचा गालिचा होतो. पंधरवडा उशिरा आला तर त्या वर्षीचे बहुतेक बी वाया जाते. दुसरा वर्ग धीराच्या बियांचा. बाभूळ, शिरीष, चिंच यांच्या बियांचे कवच कठीण असते. एक पावसाळा चुकला तरी त्या पुढच्याची वाट पाहू शकतात. बाभळीचे बी तर शेळीच्या पोटातून जाऊनही रुजते.

साग या दोहोंपेक्षा निराळा आहे. आपण ज्याला सागाचे बी म्हणतो, ते खरे म्हणजे फळ असून त्याच्या टणक आठळीत चार कप्पे असतात. कोणात एक-दोन बिया असतात, कोणात एकही नसते. पावसाळ्यात परागीभवन नीट झाले नसेल, तर वरून धडधाकट दिसणारे फळ आतून रिकामे निघते. म्हणून सागाच्या वाफ्यात टोचलेल्या बियांच्या मानाने रोपे फार कमी उगवतात. त्याला मुलांचा दोष कारण नसतो.

३. भरघोस वर्ष आणि रिकामे वर्ष

पुष्कळ झाडे दरवर्षी सारखे बी देत नाहीत. हापूस आंबा एक वर्षाआड भरून येतो, हे आपणांस माहीत आहे. ज्या वर्षी फळ फार आले, त्या वर्षी झाडाचे साठविलेले अन्न संपते. फळांच्या भाराखाली नवी पालवीही वेळेवर येत नाही आणि पुढच्या वर्षीचा मोहोर त्या पालवीवरच यावयाचा असतो. म्हणून पुढचे वर्ष हुकते. अर्थात यंदाच्या बियांत गेल्या वर्षाची हवाही जमा झालेली असते.

युरोपातील बीच नावाच्या वृक्षात ही गोष्ट ठळकपणे दिसते. एखादा उन्हाळा चांगला उबदार गेला, म्हणजे पुढील वर्षी त्या झाडांना अपार बी येते. आणि हे दूरदूरच्या जंगलांत एकाच वर्षी घडते. मलाया व बोर्निओ येथील सदाहरित अरण्यांत काही वर्षे जवळजवळ काहीच फुलत नाही आणि मग एखाद्या वर्षी, बहुधा 'एल निनो'च्या कोरड्या वर्षी, नाना जातींचे उंच वृक्ष एकदम फुलून येतात.

असे एकदम फुलण्यात झाडांचा लाभ कोणता? दोन कारणे सांगितली जातात. एक, सर्व झाडे एकाच वेळी फुलली म्हणजे पराग मिळण्याची शक्यता वाढते. वाऱ्यावर पराग उडविणाऱ्या झाडांना याचा विशेष उपयोग होतो. दुसरे, बी खाणारे उंदीर, डुकरे, पक्षी व किडे रिकाम्या वर्षांत उपासमारीने कमी होतात आणि भरघोस वर्षी इतके बी पडते की, त्यांनी पोटभर खाऊनही पुष्कळ शिल्लक राहते. मात्र झाडे विचार करून असे वागतात, असे मुलांना सांगू नये. ज्या झाडांचे वर्तन असे होते, त्यांची संतती अधिक टिकली, एवढाच याचा अर्थ.

४. हवेला न विचारणारे झाड : बांबू

सर्व काही हवेवर ढकलण्याची सवय लागू नये, म्हणून बांबूचे उदाहरण अवश्य द्यावे. बांबू गवताच्या कुळातील आहे. तरी आयुष्यमान व आकार यांमुळे येथे त्याचा विचार योग्य ठरतो. बांबूच्या अनेक जाती कित्येक दशके फुलतच नाहीत आणि मग एका प्रदेशातील त्या जातीची बेटे लागोपाठ फुलून, बी देऊन मरून जातात. कोणत्या वर्षी फुलावयाचे, हे त्यांच्या अंगभूत कालगणनेने ठरते, त्या वर्षीच्या पावसाने नव्हे.

मिझोरममधील एका बांबूचे चक्र सुमारे ४८ वर्षांचे आहे. तो १९११-१२, १९५९ आणि २००७ च्या सुमारास फुलला. त्याची फळे खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि फळे संपली म्हणजे ते उंदीर भातशेतीवर तुटून पडतात. मिझो लोक या आपत्तीला 'मौताम' म्हणतात. १९५९ साली हा प्रदेश आसाम राज्याचा भाग होता. वृद्ध लोकांनी दुष्काळाचा इशारा आधीच दिला होता. परंतु तो पुरेसा मनावर घेतला गेला नाही आणि लोकांचे फार हाल झाले. दुष्काळात मदतीसाठी निघालेल्या संघटनेचे पुढे राजकीय पक्षात रूपांतर झाले, १९६६ साली सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करार होण्यास १९८६ साल उजाडले. बियांच्या एका हंगामाकडे झालेले दुर्लक्ष किती महाग पडते, याचे हे उदाहरण आहे. २००७ च्या सुमारास मात्र फुलोरा येणार, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे पूर्वतयारी करता आली.

५. बदलते हवामान आणि आपली जबाबदारी

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. ज्या झाडांना फुलण्यासाठी थंड रात्री किंवा ठरावीक कोरडा काळ लागतो, त्यांचा वर्षक्रम यामुळे ढळू शकतो. जपानमधील क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. तोपर्यंतच्या सर्व नोंदींत २०२१ सालचा पूर्ण बहर, २६ मार्चचा, सर्वांत लवकर आलेला ठरला होता. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ साली झाडांच्या पालवी-फुलांच्या नोंदी सुरू केल्या व त्याच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालविल्या. या दोन्ही नोंदी आज शास्त्रज्ञांना अमोल वाटतात. त्या ठेवणाऱ्यांपाशी मोठी उपकरणे नव्हती, सातत्य होते.

आपल्या गावातील चिंच तीस वर्षांपूर्वी केव्हा फुलत असे, हे लिहून ठेवलेले आपणांस क्वचितच सापडेल. आजपासून तीस वर्षांनी येणाऱ्या शिक्षकाला तरी ते सापडावे, ही व्यवस्था आपल्या शाळेला सहज करता येण्यासारखी आहे. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम देशातील अनेक शाळांतील मुलांकडून झाडांच्या साप्ताहिक नोंदी करवून घेतो. त्यात भाग घेता आला तर उत्तम. न घेता आला तरी एक वही आणि एक झाड एवढ्यावर काम सुरू होते.

६. शाळेत करावयाचे काम

(अ) झाडाची नोंदवही. शाळेच्या आवारातील अथवा जवळचे एक झाड निवडावे. त्याच्या हाताला येणाऱ्या एका फांदीला रंगीत दोरा बांधावा. नोंद नेहमी त्याच फांदीची करावी. आठवड्यातून एक ठरावीक वार धरून पुढील गोष्टी लिहाव्यात : पालवी आहे काय, कळ्या, उमललेली फुले, लहान फळे व पक्व फळे किती, गळ किती झाली, कोणते कीटक दिसले. समोरच्या पानावर त्या आठवड्याची हवा लिहावी : पाऊस, धुके, ढग, गार, वादळ, आणि पहाटेची थंडी. नोंद न झालेला आठवडा कोरा सोडावा. अंदाजाने भरू नये. 'शून्य' आणि 'पाहिले नाही' या दोहोंतील फरक मुलांना येथेच प्रथम कळतो.

(आ) पर्जन्यमापक. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा एखादा डबा उघड्या जागी, झाड व छप्पर यांपासून दूर ठेवावा. रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टी उभी धरून पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजावी व डबा रिकामा करावा. ती उंची म्हणजेच त्या दिवसाचा पाऊस.

(इ) गणिताशी सांगड. दोरा बांधलेल्या फांदीवरील एका मोहोराची फुले, मग वाटाण्याएवढी फळे, मग लिंबाएवढी फळे आणि शेवटी पिकलेली फळे मोजून त्यांचे शेकडा प्रमाण मुलांकडून काढवावे. शेकडेवारीचा पाठ याहून सजीव रीतीने शिकविता येणार नाही.

(ई) उगवणीची परीक्षा. पेरणीपूर्वी कोणत्याही बियांतील पन्नास बिया निवड न करता घ्याव्यात, ओल्या गोणपाटात ठेवाव्यात व किती रुजल्या ते मोजावे. कडुनिंबासाठी पिवळ्या पिकलेल्या निंबोळ्या घ्याव्यात, गर धुऊन काढावा, बी सावलीत सुकवावे व दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरावे. सागाची फळे आठवडा-दोन आठवडे आळीपाळीने पाण्यात भिजवावीत व उन्हात वाळवावीत, नंतर पेरावीत. बी शक्यतो अनेक झाडांचे आणि भरघोस वर्षाचे घ्यावे.

(उ) वृद्धांची साक्ष. गावातील जुन्या माणसांना मुलांनी जाऊन विचारावे : कोणत्या वर्षी आंबा अजिबात आला नाही? बांबू फुललेला कोणी पाहिला आहे काय? १९७२ च्या दुष्काळात कोणत्या झाडांनी साथ दिली? उत्तरे ऐकल्याप्रमाणे लिहावीत आणि सांगणाऱ्याचे वय नोंदवावे.

दोन सूचना ध्यानात ठेवाव्यात. मुलांना झाडावर चढू देऊ नये आणि मोहोराला पोळे असल्यास दूर राहावे. तसेच एका वर्षाच्या नोंदीवरून सिद्धान्त सांगू नये. शेजारशेजारच्या दोन आंब्यांवर एकच हवा वाहते, तरी एक फळतो व दुसरा फळत नाही. वय, जात, माती, पाणी आणि गेल्या वर्षीचे पीक, यांचाही विचार करावा लागतो.

७. वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. हवा आणि हवामान यांतील फरक आपल्या गावातील उदाहरणाने सांगा.
२. मे महिन्यातील पाऊस संत्र्याच्या मृग बहारास अपायकारक का ठरतो?
३. आंब्याला थंडी केव्हा हितकर व केव्हा अहितकर असते?
४. निंबोळी आणि चिंचोका यांपैकी कोणते बी पुढच्या वर्षासाठी राखता येईल? का?
५. बांबूचा फुलोरा आणि आंब्याचा मोहोर यांत कोणता मूलभूत भेद आहे?
६. दोन शेजारच्या झाडांपैकी एकालाच फळ आले, तर कोणकोणती कारणे तपासाल?

समारोप

वनमहोत्सव १९५० सालापासून आपल्या देशात दर जुलैत साजरा होतो. शाळा त्यात हौसेने भाग घेतात, खड्डे खणले जातात, रोपे लागतात. रोप लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या रोपाचे बी कोठून आले, कोणत्या हवेत धरले आणि कोणत्या वेळी वेचले, हे जाणणेही महत्त्वाचे आहे. हे जाणणारा शिक्षक उगवण झाली नाही म्हणून प्रथम मुलांकडे बोट दाखविणार नाही; तो प्रथम बी तपासील, मग नोंदवही उघडील आणि मुलांना म्हणेल, "चला, कारण शोधू."

येत्या मृगापूर्वी प्रत्येक शाळेने एक झाड निवडून त्याच्या फांदीला दोरा बांधावा, एवढीच विनंती आहे. मी शाळाभेटीस येईन, तेव्हा ती वही पाहावयास मागेन. तीत चुका असल्या तरी चालतील. कोरी पाने असली तरी चालतील. ती मुलांच्या हस्ताक्षरात असावी, म्हणजे झाले.